दोन पानांपुरते खिळे

मेलेल्या माणसाबद्दल तो 'आहे' असंच बोलायचा. होता, गेला, वारला हे शब्द त्याच्या तोंडी नव्हते. "आज तो ट्रेंटनला गेलाय," म्हणायचा. "रस्ते खराब आहेत, परवापर्यंत येईल." नाहीतर, "गव्हर्नरवर भडकलाय. पुढच्या अंकात बघ कसा सोलून काढतो."

मी आपली मान हलवायचो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा कुणी भाऊबंद असेल, पेपर काढत असेल, निवडून आला असेल. आमच्या कराडातही असे दोघेतिघे होते, पेपर काढता काढता पुढारी झालेले. एक दिवस सुनेला म्हटलं, "अगं, ह्याचा तो आमदार दोस्त कधी घरी दिसत नाही. विचार तरी, तब्येत बरी आहे का त्याची." ती विचारून आली आणि गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली.

"बाबा, अहो तो एडिटर जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली!"

"मग रस्ते खराब आहेत म्हणाला ते?"

"ते तेव्हाचे."

असा तो म्हातारा. दोनशे वर्षांपूर्वी ह्याच गावाजवळ एक माणूस साप्ताहिक काढायचा, पुढं तो ट्रेंटनला, म्हणजे इथल्या राजधानीत, स्टेटच्या सभागृहात निवडून गेला, आणि त्याचं चरित्र लिहिणं एवढाच ह्याचा धंदा. तीस वर्षं लिहीत होता. २००७ च्या थंडीत तो गेला तेव्हा पुस्तक दोनशे एकतीस पानांवर होतं, आणि तिथंच राहिलं.

मी त्याच्याकडे गेलो कसा ते सांगतो. माझी बायको २००२ साली गेली. पुढच्या वर्षी मुलानं कराडचं घर बंद करून मला न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आणलं. मुलगा सकाळची ट्रेन पकडायचा, सून गाडीनं ऑफिसला. दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं पस्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलायचं आणि हातातल्या लोखंडी पट्टीत ओळ लावायची. त्या पट्टीला स्टिक म्हणतात. लग्नपत्रिका, साखर कारखान्याच्या नोटिसा, इलेक्शनची हँडबिलं, कोर्टाचे इंग्रजी फॉर्म, सगळं जुळवलं. इंग्रजी कळायचं नाही, पण जुळवता यायचं. अक्षर बघायचं आणि उचलायचं, कळायची गरज काय? मग कॉम्प्युटर आला, मालकानं सगळे खिळे भंगारवाल्याला वजनावर दिले, आणि मी घरी बसलो.

एका सकाळी फिरायला गेलो असताना एका जुन्या पांढऱ्या लाकडी घरामागच्या शेडमधून मला शाईचा आणि रॉकेलचा वास आला. मी सरळ आत शिरलो. ह्या देशात कुणाच्या आवारात असं शिरत नाहीत, पोलीस बोलावतात, हे मुलानं दहादा बजावलं होतं. आत एक उंच, वाळका म्हातारा. गळ्यात टाय, टायवर काळाकुट्ट झालेला ॲप्रन, डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे. तो काही बोलायच्या आत मी केसपाशी जाऊन उभा राहिलो. केस म्हणजे खिळे ठेवायचा खान्याखान्यांचा ट्रे. इंग्रजी 'ई'चं घर मधोमध, सगळ्यात मोठं. कराडलाही ते तिथंच होतं. हात आपोआप गेला. समोर त्याचं एक छापलेलं पान पडलं होतं, त्याची पहिली ओळ उभ्या उभ्या जुळवली आणि स्टिक त्याच्या हातात दिली.

त्यानं अंगठ्यानं ओळ दाबून बघितली, सैल आहे का. नव्हती. मग खिळ्यांवरूनच उलटी वाचली.

"काय लिहिलंय ते माहीत आहे?"

"नो."

"म्हणूनच चूक नाही," म्हणाला, आणि मला ॲप्रन दिला.

त्या दिवसापासून तो मला 'कंपोझिटर' म्हणायला लागला. देवळात मी 'काका' होतो, बँकेत 'सर'. माझ्या कामाच्या नावानं मला हाक मारणारा ह्या देशात तो एकटाच. आमचं बोलणं कसं चालायचं म्हणाल, तर तो सावकाश बोलायचा, हातवारे करायचा, प्रसंगी नाटक करून दाखवायचा. निम्मं कळायचं. उरलेलं शनिवारी सून न्यायला यायची तेव्हा तिच्याकडून भरून घ्यायचो.

त्याची काम करायची तऱ्हा मी जन्मात बघितली नव्हती. तो आधी कागदावर लिहायचाच नाही. स्टिक हातात घेऊन उभा राहायचा, विचार करायचा आणि वाक्य सरळ शिशात जुळवायचा. खिळे त्याच्याकडे जेमतेम दोन पानांपुरते. दोन पानं जुळली की हातमशीनचा दांडा ओढून प्रत्येकी साठ प्रती काढायच्या, दोरीवर वाळत घालायच्या, आणि खिळे सोडून परत आपापल्या खान्यात टाकायचे. मग पुढची दोन पानं. म्हणजे एकदा खिळे सोडले की झालं. मागं जाऊन एक काना बदलायची सोय नाही.

माझ्या मुलाला हे बघवेना. तो एकदा आला आणि त्याला म्हणाला, लॅपटॉप देतो, त्यात लिहा, हवं तितक्या वेळा एडिट करा. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "त्यात पुसता येतं," म्हणाला. "ज्याला पुसता येतं तो नीट विचार करत नाही." मुलगा पुन्हा तिकडं फिरकला नाही. घरी मला म्हणाला, "बाबा, तो जरा क्रॅक आहे."

"असू दे," म्हटलं. "शहाण्यांत बसून कंटाळलोय मी."

ओलं पान दोरीवर असताना त्यावर बोलायला बंदी. मी तोंड उघडलं की बोट वर करायचा, "वाळू दे." टेलिफोन वाजला तर हातातली ओळ पुरी झाल्याशिवाय उचलायचा नाही, तोवर पलीकडचा कंटाळून ठेवून द्यायचा. सफरचंद खायचा ते देठासकट. आणि गावच्या सभेला हटकून जायचा. एकदा सूनबाई मलाही घेऊन गेली होती. स्टेशनजवळच्या पार्किंगवर वाद चालला होता. हा उठला, टाय सरळ केला आणि म्हणाला, "माझ्या संपादकाचा ह्याला विरोध आहे." अध्यक्षबाईंनी लिहून घेतल्यासारखं केलं. कुणी हसलं नाही. सवय झाली होती लोकांना.

मला त्या संपादकाचीच गंमत वाटायला लागली. मी त्याला मनात संपादकसाहेब म्हणायचो. चौदाव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला राहिला. शाई घरी बनवायची, दिव्याची काजळी आणि जवसाचं तेल. वर्गणी म्हणून लोक जळाऊ लाकूड द्यायचे, मका द्यायचे, एकानं तर बदक दिलं. बदकाची पोच त्यानं अंकात छापली. एका जजला भोपळा म्हटलं म्हणून अकरा दिवस तुरुंगात गेला. तिथून मजकूर लिहून पाठवायचा आणि बायको तो घरी जुळवून छापायची. पुढं निवडून आला तेव्हाही तसंच. हा ट्रेंटनला सभागृहात, छापखाना बायकोच्या हातात.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

म्हातारा अडखळला. मग म्हणाला, "बघावं लागेल." संपादकाच्या घोड्याचं नाव त्याला पाठ होतं, मला तीन वेळा सांगितलं होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी इथं माणसं विकत घ्यायचे. ह्या न्यू जर्सीतसुद्धा. काळी माणसं. आणि त्यांतलं कुणी पळून गेलं की मालक पेपरात जाहिरात द्यायचा, आपल्याकडं म्हैस चुकली म्हणून देतात तशी. रंग अमुक, उंची अमुक, अंगावर खूण अमुक, आणून देईल त्याला बक्षीस. वर लाकडी ठशाचं छोटं चित्र, काठीला गाठोडं लावून चाललेला माणूस. संपादकसाहेबही छापायचे. पण निवडून आल्यावर त्यांनी अंकात जाहीर केलं, आजपासून असली जाहिरात माझ्या पेपरात येणार नाही. आणि आली नाही. म्हाताऱ्यानं एकेक अंक तपासला होता.

त्याच्यासाठी सगळ्या चरित्राचा कणा तो. नववं प्रकरण त्यावरच होतं, सव्वीस पानं, छापून, वाळून, फळीवर रचलेली. गावात जुन्या गोष्टी जपणारी एक मंडळी होती. छापखाना होता त्या कोपऱ्यावर आता दुकानांची पार्किंगची जागा आहे, तिथं ती मंडळी एक पितळी पाटी बसवणार होती. पाटीवरचा मजकूर ह्याच्या नवव्या प्रकरणातून घ्यायचं ठरलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे काही मागितलं होतं. तो पाटीच्या मापाचा पुठ्ठा कापून भिंतीला लावून बसला होता.

आणि मी माती खाल्ली.

२००५ चा ऑक्टोबर असेल. तो एका सपाट ड्रॉवरमधले जुने कागद मला दाखवत होता. त्यात एक हँडबिल निघालं, तेच गाठोडंवाल्या माणसाचं चित्र. माझी सवय अशी की हँडबिल दिसलं की आधी तळाशी बघायचं, छापखान्याचं नाव. आमच्याकडं नाव घातल्याशिवाय हँडबिल बाहेर जात नाही. ह्यावर नाव नव्हतं. "कुणी छापलं?" विचारलं.

"शेजारच्या गावचा तो बदमाश," म्हणाला. म्हणजे संपादकसाहेबांचा वैरी, दुसरा पेपरवाला. तसं नवव्या प्रकरणात छापलेलंही होतं.

मी वाकून बघितलं. आणि मला आनंद झाला हो. खरंच आनंद झाला. कारण ते अक्षर माझ्या ओळखीचं होतं. इंग्रजी 'जी'ची शेपटी तुटलेली. तो 'जी' मी संपादकसाहेबांच्या अंकांत शंभर वेळा बघितला होता. बाजूची रेघ एका ठिकाणी दबलेली, तीही त्यांचीच. आणि तो ठसा! त्याला चीर पडली होती. ती जुन्या अंकांत माणसाच्या गुडघ्यापर्यंत होती, इथं कमरेपर्यंत गेली होती.

"हा नाही बदमाश," मी म्हटलं. "हे आपल्या साहेबांचं!" अन् अंकांचा गठ्ठा उपसून एकेक त्याच्यापुढे मांडत गेलो. हा बघ 'जी'. ही बघ रेघ. मला वाटलं, साहेबांचा अजून एक कागद सापडला, म्हातारा खूश होईल. काय लिहिलंय ते मी कुठं वाचलं होतं!

तो म्हणाला, खिळे विकले असतील बदमाशाला.

"मग हे?" मी हँडबिलाच्या पुढच्या महिन्याचा अंक काढला. तोच तुटका 'जी' पहिल्या पानावर. खिळे कुठं गेले नव्हते. त्याच छापखान्यात होते.

त्यानं दोन्ही चष्मे नीट केले आणि हँडबिलावरचं साल बघितलं. मग अंकावरचं. जाहीर प्रतिज्ञेच्या तीन वर्षांनंतरचं हँडबिल होतं ते. पेपरात छापणार नाही म्हणाले, पेपरात नाही छापलं. बाहेर छापलं, नाव न घालता.

"घरी जा, कंपोझिटर," म्हणाला.

शनिवारी सुनेनं मला सगळं उलगडून सांगितलं तेव्हा कळलं मी काय केलं ते. दोन आठवडे शेडचं दार बंद. मी रोज जायचो, बाहेरून वास घ्यायचो आणि परत यायचो. घरी जेवण जाईना. सून म्हणाली, "बाबा, इट्स नॉट युअर फॉल्ट." म्हटलं, फॉल्टचं काय घेऊन बसलीस, माणसाचं तीस वर्षांचं काम मी हसत हसत मोडलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याचाच फोन आला. सून मीटिंग कॅन्सल करून मला घेऊन गेली, म्हणाली आज मी बरोबर असलेली बरी. म्हातारा दाढी करून, नवा टाय लावून उभा. एक पान जुळवून तयार ठेवलं होतं. "सुटलं," म्हणाला. "कोडं सुटलं."

मी सुनेला म्हटलं, वाच. तिनं त्या पानाची कच्ची छापील प्रत हातात घेतली आणि मराठीत सांगत गेली. "संपादक ट्रेंटनला असताना, त्याला काहीही न कळवता, त्याच्या बायकोनं ही नोटीस छापली. तिला... तिला प्रिन्सिपल्सची समज नसावी. घर चालवण्यापुढं तिला दुसरं काही दिसलं नाही."

"हे ह्याला कुठून कळलं? विचार त्याला."

तिनं विचारलं. "ते म्हणतात, लॉजिकल आहे. तो घरी नव्हता, ती होती."

"घरी असता तर नको म्हणाला असता? कशावरून?"

"ते म्हणतात, तीस वर्षं मी त्याला ओळखतो."

"आणि तिला? तिचं नाव तरी माहीत आहे का ह्याला?"

म्हातारा माझ्याकडे बघत होता, विचारल्यासारखा. माझं डोकं फिरलं. मी ते जुळवलेलं पान उचललं आणि जमिनीवर ओतलं. गारा पडाव्यात तसा आवाज झाला. पस्तीस वर्षांत माझ्या हातून एकदा स्टिक सांडली होती तर मालकानं कानाखाली वाजवली होती. जुळलेलं पान मुद्दाम सांडणारा कंपोझिटर मी दुसरा बघितला नाही.

"बाबा!" सून ओरडली.

"सांग त्याला," मी म्हटलं. "सांग, मेलेली बाई उत्तर द्यायला येत नाही, म्हणून तिच्यावर ढकलायचं? मला माहीत आहे ते कसं करतात. मीही तेच केलंय."

ती सांगायला लागली. मी थांबलो नाही.

"सगळ्यांना मी काय सांगतो? आमची ही फार सोशिक, शेवटपर्यंत बोलली नाही, नाहीतर डॉक्टरकडे नेली असती. खोटं आहे ते. बोलली होती. दोनदा बोलली होती. एकदा भाकरी थापताना म्हणाली, छातीत भरून येतंय. मी म्हटलं पित्त असेल, ओवा खा. एकदा बाजारातून येताना पारावर बसली, म्हणाली चालवत नाही. मी म्हटलं, उठ, लोक बघतायत."

सून बोलायची थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं.

"बाबा, हे मी इंग्लिशमध्ये सांगू?"

"सांग."

तिनं सांगितलं. जमिनीकडे बघत, सावकाश, एकेक वाक्य. 'ओवा' तिला सांगता येईना, तिथं ती अडली आणि तिचे डोळे भरले. म्हाताऱ्यानं दोन्ही चष्मे काढले. गुडघे धरत खाली बसला आणि सांडलेले खिळे वेचायला लागला. थोड्या वेळानं मान वर न करता काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

"म्हणतात, उद्या या. एकट्याला चार दिवस लागतील."

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सून म्हणाली, "ह्यांना तुम्ही सांगा बाबा. मी नाही सांगणार." संध्याकाळी सांगितलं. मुलगा भांडी विसळत होता. त्यानं नळ बंद केला नाही, तसाच हात पाण्याखाली धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आईनं मलाही फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, बाबांना सांग." त्या दिवसापासून तो रविवारी माझ्याबरोबर चहा घेत बसायला लागला. तिच्याबद्दल बोलतो, मीही बोलतो.

खिळे वेचायला चार नाही, सहा दिवस लागले. दोन म्हातारे जमिनीवर, मध्ये एक डबा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मी लग्न केलं नाही. ह्या माणसाबरोबरच राहिलो. आणि त्याला वाचवायला त्याच्या बायकोला विकायला निघालो." एवढं इंग्रजी मला सुनेशिवाय कळलं.

फळीवरची सव्वीस पानं तो जाळणार असं मला वाटलं होतं. नाही जाळली. म्हणाला, "मी ते मानत होतो, हेही खरंच आहे. राहू दे." मग नवीन पान त्यानं माझ्यासमोर जुळवलं. त्यात ते हँडबिल जसंच्या तसं घालायचं होतं आणि ते काम मला दिलं. मी म्हटलं, आधी सांग काय लिहिलंय. त्यानं एकेक शब्द समजावला. बाई, वय बावीसच्या आसपास. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. डच आणि इंग्रजी दोन्ही बोलते. निळं लुगडं म्हणा, झगा म्हणा, बरोबर नेलाय. हसताना तोंडावर हात धरते.

आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी समजून जुळवलं आणि तीन चुका झाल्या. त्यानं तिन्ही शोधून दुरुस्त केल्या.

हँडबिलाखाली त्याच्या चार ओळी होत्या. सुनेनं नंतर वाचून दाखवल्या. "मागच्या प्रकरणात मी लिहिलं ते चूक आहे. ही नोटीस त्याच्याच छापखान्यात छापली. कुणी जुळवली, मला माहीत नाही. तो घरी असता तर नको म्हणाला असता असं मानायला माझ्याकडे काहीही पुरावा नाही."

पाटीवाल्या मंडळींतल्या दोन बायका मजकूर न्यायला आल्या, त्यांच्या हातात त्यानं ते पान दिलं. दोघींनी उभ्यानं वाचलं. एक म्हणाली, फार इंटरेस्टिंग आहे, कमिटीत ठेवतो. दुसरी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. पुढं वर्षभरानं पाटी लागली. तिच्यावर एवढंच आहे की इथं एक छापखाना होता. म्हाताऱ्याला उद्घाटनाला बोलावलं नाही.

पण त्या दिवशी त्या दोघी गेल्यावर मी त्याच्या तोंडाकडे बघायला कचरत होतो. तर हा ॲप्रन बांधत होता. त्यानं पुठ्ठा भिंतीवरून काढला, उलटा करून त्यावर खिळ्यांचा डबा ठेवला.

"तीस वर्षं मला तो आवडत होता," म्हणाला. "म्हणून मी त्याला काही विचारलंच नाही."

संपादकसाहेब त्यानंतर बारा वर्षं सभागृहात होते. त्यातलं एक पानही अजून जुळवलेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं खालच्या ड्रॉवरमधून जुन्या कागदांचा अजून एक गठ्ठा काढला, हा त्यानं कधी सोडला नव्हता, दोरीची गाठही तशीच होती. तो खिडकीपाशी उजेडात ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"तू बघ आधी," म्हणाला. "तुला वाचता येत नाही. तुला काय दिसतं ते सांग."

मी गाठ सोडली.